खोडलेली फुली

"अहो, तुम्ही ते व्हार्को ना? सिनेमातले? मला वाटलं तुम्ही वारलात."

बाईच्या आवाजात खोडसाळपणा अजिबात नव्हता. मांडीवर जाळीची पिशवी, पिशवीत कोबीचा गड्डा, आणि ग्लेनेल्गहून शहराकडे निघालेल्या ट्रॅममध्ये समोरासमोर बसलेल्या माणसाला हवापाण्याचं विचारावं तसं तिने हे विचारलं होतं. शेजारच्या मैत्रिणीने तिला कोपराने ढोसलं. "अगं मर्ल, काय हे." "काय म्हणजे काय? पेपरात फोटो होता ना, मागच्या हिवाळ्यात." क्लेमेंट व्हार्कोला सत्तरावं चालू होतं. पाठ ताठ होती, मार्चच्या उकाड्यातही गळ्याला रेशमी रुमाल होता, आणि अशा बायकांना काय उत्तर द्यायचं हे त्याला गेली चाळीस वर्षं तोंडपाठ होतं. फोटो माझा नव्हता बाईसाहेब, तो अमुकचा होता; आमची दोघांची नाकं सारखी, त्यामुळे बायकांचा नेहमीच गोंधळ व्हायचा, आणि मी तो कधी दूर केला नाही. त्याने सुरुवातही केली. "फोटो माझा नव्हता बाईसाहेब, तो—" आणि तिथेच तो थांबला. अमुकच्या जागी नाव नव्हतं. ज्याच्याबरोबर अकरा वर्षं एका रंगपटात, एका आरशापुढे तोंड रंगवलं त्या माणसाचं नाव. नाक आठवत होतं, त्याच्या दाढीच्या साबणाचा वास आठवत होता, तो मोजे कुठे वाळत घालायचा तेही आठवत होतं. नावाच्या ठिकाणी मात्र दात पडल्यावर जीभ जाते तशी जीभ जात होती आणि रिकामी परत येत होती. ते नाव ऑब्री टॉम्स असं होतं, पण ते हळूच सांगायला ट्रॅममध्ये कोणी नव्हतं.

आणि मग जे झालं ते विसरण्यापेक्षा वाईट होतं. मर्लबाईचा चेहरा हळूहळू बदलला. तिने मैत्रिणीचं मनगट धरलं. "बघ. बघ ना, तोच. तस्साच थांबतो हा." तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "शेहेचाळीस साली आईला घेऊन गेले होते मी. माझा भाऊ परत आला नव्हता तेव्हा. तुम्ही शेवटी असे थांबलात आणि आईने माझा हात इतका दाबला की अंगठी रुतली." व्हार्कोने मान लववली. दुसरं काय करणार? बाई पुढच्या थांब्यावर कोबी सांभाळत उतरली, खाली उभी राहून काचेतून त्याच्याकडे बघत राहिली, आणि ट्रॅम हलली तेव्हा देवळातून निघाल्यासारखी सावकाश चालू लागली.

आज दुपारी दोनला प्रयोग होता. महोत्सवासाठी चाळीस वर्षांपूर्वीचं तेच नाटक पुन्हा उभं केलं होतं, तोच व्हार्को, तीच भूमिका. तांब्याच्या खाणीचा म्हातारा कॅप्टन, कोळसा वाचवण्यासाठी रात्रपाळीचा पंप बंद करायला लावतो आणि खाली अकरा माणसं बुडतात. त्यांत त्याच्या मुलीचा नवरा. शेवटच्या प्रवेशात मुलगी विचारते, बाबा, पंप कुणी बंद करायला लावला? कॅप्टन थांबतो. मग म्हणतो, "मी. मला ठाऊक होतं खाली कोण आहे." पडदा. त्या थांबण्यावर व्हार्कोचं सगळं आयुष्य उभं होतं. समीक्षकांनी त्याच्यावर स्तंभ लिहिले, नाट्यशाळेत मुलांना ते शिकवलं, लंडनच्या कंपनीने इथे येऊन नाटकाचा सिनेमा केला तोही तेवढ्यासाठीच. एकोणीस सेकंद. आणि ते एकोणीस सेकंद म्हणजे क्लेमेंट व्हार्को आपलं वाक्य साफ विसरला होता, हे जगात दोन माणसांना माहीत होतं. त्यातलं एक मागच्या हिवाळ्यात टॅनंडाच्या लुथरन दफनभूमीत गेलं. दुसऱ्याला आता मित्राचं नाव आठवत नव्हतं.

मांडीवरच्या कातडी पिशवीत हुल्डाची नक्कल होती, शब्द देताना समोर धरायची नाटकाची प्रत. कंपनीत तिला सगळे नोस्के म्हणायचे, नक्कलेवरही एच. नोस्के एवढंच लिहिलेलं. हुल्डा म्हणणारा तो एकटाच. बरोसातल्या जर्मन शेतकऱ्याची मुलगी, हाडापेराने मोठी, आवाज मात्र असा की विंगेतून शब्द टाकला तर तो ज्याच्यासाठी असेल त्याच्याच कानात पडायचा. एकोणीस वर्षं ती त्याची प्रॉम्प्टर होती. प्रॉम्प्टरचं काम शब्द देण्याचं आहे असं लोकांना वाटतं. शब्द कुणीही देईल. नट थांबला की तो आपणहून थांबला आहे की अडकला आहे, हे ओळखणं हे खरं काम, आणि ते अर्ध्या श्वासात करायचं असतं. हुल्डाच्या नक्कलेत प्रत्येक थांबण्यापुढे पेन्सिलीची खूण असायची. आपणहून थांबला तर गोल. विसरला तर फुली. तिच्या पुतण्याने आत्याच्या कपाटात सापडली म्हणून ती नक्कल पोस्टाने धाडली, आणि सप्टेंबर महिन्यात एका सकाळी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या व्हार्कोने शेवटचं पान उघडलं. गोल होता, एकोणीस सेकंद असं तिच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, आणि गोलाच्या आत कागद रबराने घासून खडबडीत झाला होता. खिडकीशी तिरकं धरल्यावर दिसलं. आधी फुली काढली होती.

ती त्याच्यासाठी खोडली होती. त्या पहिल्या दिवशी पडदा पडल्यावर तो थेट विंगेत तिच्याकडे गेला होता. तीनदा शब्द दिला तरी तुला ऐकू आला नाही, असं ती म्हणाली होती. आणि तेवढ्यात सगळी माणसं आत घुसली. कुणी त्याला मिठी मारली, कुणी नुसतं हाताला हात लावून परत गेलं. मालक म्हणाला, "व्हार्को, हे कुठून आणलंस रे बाबा?" व्हार्कोने हुल्डाकडे पाहिलं. तिने पाहिलं, पेन्सिल कानावर ठेवली आणि चहाचे पेले गोळा करायला गेली. तिला कुणी काही विचारलं नाही आणि तिने कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने तेच मुद्दाम केलं, मनात एकोणीस आकडे म्हणत. लोक तसेच रडले. खऱ्या विसरण्याला आणि खोट्या विसरण्याला लोक सारखेच रडतात हे कळल्यावर माणसाचं काय होतं ते त्याला त्या वयात समजलं नाही. त्याला वाटलं, आपण मोठे नट झालो.

एक माणूस रडला नव्हता. वडील मूंटाहून आले होते, आपल्या एकुलत्या सुटात, हातात आईने दिलेली मटणाची पेस्टी फडक्यात बांधून. ते स्वतः खाणीत राबलेले, पंप बंद पडतो म्हणजे काय होतं ते बघितलेले. मूंटाच्या शाळेत क्लेम बोलायचा तसा वडिलांचा बोल, शब्द दगडासारखे, काही गिळलेले. तो बोल घालवायला क्लेमने तीन वर्षं एका बाईकडे दातांत बूच धरून स्वर घोकले होते. प्रयोगानंतर वडील रंगपटाच्या दारात टोपी फिरवत उभे राहिले. "तो गृहस्थ छान बोलला हो," ते म्हणाले. "तू कुठे होतास?" सगळे हसले, व्हार्को सगळ्यांत जास्त हसला. वडील हसले नाहीत. त्यांनी पेस्टी टेबलावर ठेवली आणि गाडी चुकेल म्हणून निघून गेले.

व्हिक्टोरिया चौकात ट्रॅम थांबली. उत्तरेचा वारा सुटला होता, तोंडावर भट्टीचं दार उघडल्यासारखा. चौक ओलांडताना त्याने स्वतःला बजावलं, आज एकच काम. पडदा उघडायच्या आत कॉरल बेडोमला खरं सांगायचं. कॉरल ही आताची रंगमंच-व्यवस्थापक, नक्कल तिच्यापुढे असते. हल्ली वेगळा प्रॉम्प्टर कुणी ठेवत नाही. तालमीत तो तीनदा अडकला होता, आणि तिन्ही वेळा सगळी कंपनी श्वास धरून बसली होती. सँडल घालणारा तिशीचा दिग्दर्शक नंतर जवळ येऊन म्हणाला होता, "तालमीतसुद्धा तुम्ही इतकं देता, मिस्टर व्हार्को." तिन्ही वेळा वाक्य कुठूनतरी परत आलं. पहिले तीन प्रयोगही निभावले. पण ट्रॅममध्ये नाव परत आलं नव्हतं. आणि रंगमंचावर वाक्य परत आलं नाही तर? माणसं वाट बघत बसतील. दोन मिनिटं बसतील, पाच मिनिटं बसतील. कुणी शब्द देणार नाही, कारण व्हार्कोला शब्द द्यायचा नसतो हे या धंद्यात शेंबड्या पोरालाही माहीत होतं, आणि ते माहीत व्हावं अशी व्यवस्था व्हार्कोने स्वतः केली होती.

ब्रोकन हिलला, सत्तावन साली, दुपारचाच प्रयोग होता. तो अडकला. हुल्डाने शब्द दिला, आणि पत्र्याच्या त्या सभागृहात तो तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू गेला. कुणीतरी खुदकन हसलं. पडदा पडल्यावर सगळ्या कंपनीसमोर व्हार्को ओरडला, की या बाईने माझं मौन पायाखाली तुडवलं, वीस वर्षांत हिला थांबणं आणि विसरणं यांतला फरक कळला नाही. हे तो हुल्डा नोस्केबद्दल बोलत होता. त्याला थांबता येईना. मालकाने तिला त्याच आठवड्यात निरोप दिला. जाताना ती रंगपटात आली, हातात छोटी बॅग. "क्लेम, तू विसरलास की तुझा डावा अंगठा बोटांवर घासतो," ती म्हणाली. "आपणहून थांबतोस तेव्हा हात सरळ असतो. मी त्याच्यावरून ओळखते. पुढच्या बाईला सांगून ठेव, तुझीच सोय होईल." त्याने आरशात बघत खोटी मिशी उचकटली. मग तिने त्याचा खाली पडलेला टॉवेल उचलून खुर्चीवर घातला आणि गेली.

पुढच्या बाईला त्याने सांगितलं नाही. उलट गोष्ट पक्की व्हावी म्हणून एक परीक्षा काढली. नवा प्रॉम्प्टर आला की त्याला बाजूला घेऊन काकुळतीने म्हणायचं, वय झालं, आज थांबलो तर शब्द दे हं. आणि बिचाऱ्याने दिला की काढून टाकायचं. पोर्ट पिरीला लँबर्ट नावाचा एक गृहस्थ असा गेला. व्हार्को ही गोष्ट पंचवीस वर्षं मेजवान्यांमध्ये सांगत आला, लँबर्टच्या तोतरेपणासकट. लोक हसून खुर्चीवरून पडायचे. हुल्डा टॅनंडाला चर्चमध्ये ऑर्गन वाजवते असं कुणीतरी सांगायचं. टॅनंडा मोटारीने सव्वा तासावर आहे. तो गेला नाही. ती वारल्याच्या दोन ओळी त्याने पेपरात वाचल्या, तेव्हाही गेला नाही, हवा फार गार होती.

कॉरल विंगेतल्या तिच्या उंच स्टुलावर निळ्या दिव्याखाली बसली होती. पन्नाशीची, गळ्यात सेकंदाचं घड्याळ, तोंडात पेपरमिंट. वडील याच धंद्यात पडदे ओढायचे, ती विंगेतच रांगली होती.

"लवकर आलात मिस्टर व्हार्को. प्रयोगाआधीची अर्ध्या तासाची हाक पण दिली नाही अजून."

त्याने पिशवीतून नक्कल काढून तिच्या पुढ्यात ठेवली. तिने स्कर्टला हात पुसले. "नोस्केबाईंची? खरंच त्यांची? माझे वडील म्हणायचे, ती बाई नटाचा श्वाससुद्धा लिहून ठेवते." तिने शेवटचं पान दोन बोटांनी उलटलं. "आणि हा तो. एकोणीस सेकंद. मला बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं."

"गोलाच्या आत बघ."

ती वाकली. "घासलंय जरा. चहाबिहा सांडला असेल, दौऱ्यावर काय काय होतं."

"ती फुली आहे. फुली म्हणजे मी विसरलो होतो."

कॉरलने मान वर केली. त्या क्षणी सगळं शक्य होतं. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, नुसतं ऐकणं होतं, आणि व्हार्कोला छातीत इतकं मोकळं वाटलं की खाली बसावंसं वाटलं. तो घाईने म्हणाला, "कॉरल, आज मी थांबलो तर शब्द दे. लगेच दे. मोठ्याने."

आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू फुटलं. "हां. म्हणजे एवढ्यासाठी हे सगळं. नक्कलबिक्कल घेऊन."

"ही थट्टा नाही."

"लँबर्टलाही असंच म्हणाला होतात. 'थट्टा नाही लँबर्ट, वय झालं.' माझ्या लग्नात सांगितलीत ना गोष्ट, टेबलावर उभं राहून. माझ्या सासूने हसून हसून पेला सांडला." ती डोळे पुसत होती. "बावीस वर्षं झाली मला या स्टुलावर. मी नाही फसायची."

"कॉरल, खरं सांगतो, मला हल्ली नावं—"

"काय चाललंय गुपचूप?" मुलीचं काम करणारी थिया पिलगर केसांत पिना खोचत आली आणि तिने त्याच्या गालाचा पापा घेतला. "परीक्षा घेतायत माझी," कॉरल म्हणाली. "लँबर्टवाली." थिया खिदळली. "अय्या, मला पण बघायची होती." दोघी त्याच्याकडे बघत होत्या, दोन हसरे, प्रेमळ चेहरे, आणि चांगल्या गोष्टीचा शेवट ऐकायला थांबलेले. आताही सांगता आलं असतं. ओरडून, तिचे खांदे धरून, रडून सांगता आलं असतं. पण माणसं समोर हसत असली की व्हार्कोची पाठ आपोआप ताठ व्हायची, आणि त्याला स्वतःचंच हसू ऐकू आलं, खोल, गडगडणारं, शेवटच्या रांगेपर्यंत जाणारं. "पास," तो म्हणाला. "दोघीही पास." रंगपटात गेल्यावर त्याने तोंडाला रंग लावला. सत्तरीच्या सुरकुत्या आता काढाव्या लागत नव्हत्या.

प्रयोग चांगला चालला. पहिला अंक, दुसरा अंक, शब्द एकामागून एक येत होते, रुळलेल्या वाटेने गुरं येतात तसे. त्याला वाटलं, उगाच घाबरलो. तिसऱ्या अंकात अकरा माणसांची नावं वाचायची असतात, तीही सगळी आली. थिया समोर उभी राहिली. तिने विचारलं, "बाबा, पंप कुणी बंद करायला लावला?" तो थांबला, नेहमीसारखा, हात सरळ. मनात आकडे म्हणू लागला. सतरा, अठरा, एकोणीस. तोंड उघडलं.

काही नव्हतं. वाक्य नव्हतं, वाक्याचा पहिला शब्द नव्हता, कशाचं उत्तर द्यायचं आहे तेही विरघळायला लागलं होतं. समोर एक बाई उभी होती, तिचे डोळे भरलेले होते, तिला कशाचं तरी दुःख होतं आणि ते आपल्यामुळे होतं एवढं समजत होतं. अंधारात शेकडो माणसं होती. कुणी खोकत नव्हतं. त्याला दातांतल्या बुचाची चव आली. त्याला दारात टोपी फिरवणारा माणूस दिसला, तू कुठे होतास. डावा अंगठा बोटांवर घासायला लागला होता, जोरात, कातडी जळेपर्यंत, आणि त्याने तो हात मुद्दाम अंगापासून लांब धरला, विंगेकडे, दिसावा म्हणून. निळ्या दिव्याखाली कॉरल बसली होती. तिने हात पाहिला. हाताचं काय करायचं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिने नक्कलेवरून बोट काढून घेतलं, हलकेच, आणि प्रार्थनेत घालतात तशी मान खाली घातली.

"हुल्डा," तो म्हणाला. सभागृहातून एक श्वास गेला. त्याचा आवाज बूच लावण्याआधीचा होता, मूंटाचा, दगडी. "हुल्डा, शब्द दे गं."

थिया जातिवंत नटी होती. ती क्षणभरच गांगरली. मग पुढे आली, गुडघे टेकून बसली, त्याचा तो घासणारा हात तिने दोन्ही हातांत घेतला आणि पुटपुटली, "आई नाहीये इथे, बाबा." अंधारात कुणीतरी मोठ्याने हुंदका दिला. पडदा पडला.

टाळ्या किती वेळ चालल्या ते त्याला समजलं नाही. त्याला पुढे नेलं, वाकवलं, परत आणलं. सँडलवाला दिग्दर्शक भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडत होता. मग मंच रिकामा झाला, बाहेर दुपारच्या उन्हात लोक ट्रॅमकडे निघाले, आणि कॉरल स्वतःची नक्कल छातीशी धरून त्याच्या खुर्चीपाशी आली. तिचं नाक लाल झालं होतं.

"कॅप्टनच्या बायकोला नाटकात नावच नव्हतं," ती म्हणाली. "चाळीस वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. आणि तो हात. हात कुठून आणलात हो?" तिने पान उघडून दाखवलं. समासात पेन्सिलीने व्यवस्थित गोल काढला होता, शेजारी चौसष्ट सेकंद, आणि मूळ वाक्यावर काट मारून वर त्याचे शब्द लिहिले होते. मी, मला ठाऊक होतं, हे काटेखाली अजून वाचता येत होतं. त्याने ते वाचलं. चांगलं वाक्य होतं.

"उद्यापासून असंच ठेवायचं ना?" तिने विचारलं.

त्याने तिच्याकडे पाहिलं. नाही म्हणायचं होतं. हुल्डा कोण होती, आपण तिचं काय केलं, हे सांगायचं होतं, आणि त्याआधी समोरच्या या भल्या बाईला नावाने हाक मारायची होती. त्याने तोंड उघडलं. अंगठा मांडीवर घासू लागला. कॉरल पेन्सिल धरून अदबीने उभी राहिली, आणि सवयीने तिने गळ्यातलं घड्याळ चालू केलं.